लळिंग-भामेरला जाताय? या चुका टाळा

धुळ्याहून दहाएक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाला खेटूनच लळिंगचा किल्ला. तट रस्त्यावरून दिसतो, म्हणून ‘तासाभरात उरकू’ म्हणत मंडळी अकराला पायथ्याशी येतात. पहिली चूक हीच. इथं चढावर सावली जवळजवळ नाही आणि एप्रिल-मेमध्ये खानदेशात पारा चाळिशी सहज ओलांडतो. उजाडताच चढायला लागा, नऊपर्यंत खाली या. खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

वर टाकी आहेत म्हणून एकच बाटली नेऊ नका. कातळात खोदलेली ती टाकी बघायला देखणी, पण पाणी शेवाळलेलं असतं. माणशी दोन-तीन लिटर खालूनच न्या.

सगळ्यात जास्त फसवतात त्या ढोरवाटा. पावसाळा संपला की गवत कमरेला लागतं, कुसळं मोज्यातून थेट कातडीत शिरतात आणि मळलेली म्हणून जी वाट धरावी ती गुरांची निघते. ओळखायची खूण सोपी: गुरं चरायला आडवी जातात, माथा गाठायला नाही. वाट दहा मिनिटं चढेचना, तर मागं फिरा. तिथूनच सरळ वर घुसायचा मोह आवरा. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावर, चढता येतं, उतरताना मात्र पाय ठरत नाही. एखाद्या गुराख्यानं अहिराणीत “कथा जाई ऱ्हायना भो?” (कुठं चाललास, भाऊ?) विचारलं, तर हसून पुढं जाऊ नका, थांबा. नकाशापेक्षा तो बरा.

काहीच न वाचता गेलात, तर नुसते दगड दिसतील. खानदेशात फारुकी सत्ता स्थापन करणाऱ्या मलिक राजानं थाळनेरचा किल्ला धाकट्या मुलाला दिला आणि लळिंग थोरल्या नासिर खानाला. बहमनी फौजेकडून मार खाऊन नासिर खान याच किल्ल्याच्या आश्रयाला आला आणि १४३७ मध्ये वारला. तटावरून खालचा महामार्ग बघा, म्हणजे किल्ला इथंच का बांधला हे कळतं.

साक्री तालुक्यातलं भामेर, हाही किल्लाच, त्याच दिवशी संध्याकाळी ‘जाता जाता’ करू नका, त्याला अख्खी सकाळ द्या. बरेच जण डोंगरातल्या लेणी बघून, फोटो काढून परततात. माथा राहूनच जातो. कपारीत आग्या मोहोळ दिसलं तर धूर, अत्तर, आरडाओरडा सगळं बंद. आणि अंधाऱ्या लेणीसाठी वेगळी बॅटरी न्या, मोबाइलचं चार्जिंग परतीसाठी राखा.