घरातल्या उजेडाबाबत या चुका टाळा

नवं घर बघायला बोलावलं की मी आधी सगळे दिवे बंद करायला लावतो. दुपारी तीनला हॉलमध्ये पेपर वाचता येत नसेल, तर दोष नकाशाचा.

सगळ्यात जास्त भेटणारी चूक म्हणजे पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच. पुण्यातल्या एका बंगल्याच्या मालकांनी मला फोनमध्ये तशाच काचेचा फोटो दाखवला. टेकडी पश्चिमेला, म्हणून त्यांना तिकडे बारा फुटी काच हवी होती. मी नवा होतो, हो म्हटलं. एप्रिलमध्ये त्यांच्या आईंचा फोन आला, "चारपासून पडदे ओढून ट्यूबलाइट लावून बसतो हो." जाऊन पाहिलं तर जाड पडद्यामागची फरशी पायाला चटके देत होती. ऊन पडद्यापाशी पोचतं तोवर काच ओलांडून आलेलं असतं, ते बाहेरच अडवावं लागतं. छज्जा वाढवला, तोही फुकट गेला. संध्याकाळचं ऊन आडवं येतं, छज्ज्याखालून थेट शिरतं. शेवटी बाहेरून बांबूचे चिक सोडले आणि समोर कडुनिंब लावला. तेव्हापासून पेन्सिल हातात घेण्याआधी मी प्लॉटवर सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला उभा राहतो. पंधरा दिवसांत प्लॅन हवा असणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांचं काम मी घेत नाही.

दक्षिणेच्या खिडकीला मात्र लोक उगाच घाबरतात. पुण्यात २१ मार्चला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ७१ अंशांवर असतो. ४ फूट उंच खिडकीला दीड फुटाचा छज्जा पुरतो. २१ डिसेंबरला सूर्य ४८ अंशांवर उतरतो आणि थंडीतलं ऊन आपोआप आत येतं.

खिडकी रुंद करण्यापेक्षा उंच करा. तिची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दोन-अडीच पट आतपर्यंतच कामापुरता उजेड जातो. म्हणजे कड ७ फुटांवर असेल तर फार तर १७ फूट.

स्लॅब फोडून मोठी आडवी काच बसवू नका; मे महिन्यात सूर्य बरोबर तिच्या डोक्यावर येतो. कोकणात कौलारू छपरात एखादंच काचेचं कौल घालतात, तेवढं पुरतं.

ओट्याची खिडकी पाठीमागे नको, चिरताना विळीवर स्वतःचीच सावली पडते.

खिडकीसमोरच्या भिंतीला गडद रंग नको. चुना किंवा पांढरा डिस्टेंपर लावा.