अल्झायमरच्या रुग्णाला अंघोळ कशी घालावी

कपडे आणि जेवण तुलनेने सोपं. कपडे घालायच्या क्रमाने एकावर एक रचा, पहिला सर्वांत वर. बटणांऐवजी इलॅस्टिक किंवा वेल्क्रो घ्या. ताट एकरंगी असू द्या आणि एका वेळी एकच पदार्थ वाढा. लघवी-शौचाला साधारण दर दोन तासांनी आपणहून न्या.

कस लागतो तो अंघोळीत.

‘हट्ट करतात, थोडी जबरदस्ती करा’ हा सल्ला अजिबात ऐकू नका. तो हट्ट नसतो, भीती असते. या आजारात खोल-उथळपणाचा अंदाज बिघडतो, त्यामुळे ओली, चकाकणारी फरशी खड्ड्यासारखी भासू शकते. त्यात कुणीतरी अंगावरचे कपडे का काढतंय, हेच कळत नाही. एकदा ओढून नेलंत की पुढच्या वेळी ते दारातूनच मागे फिरतील. कारण आठवत नाही, धास्ती मात्र उरते.

‘अंघोळ करायची का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’च येणार. ‘चला, पाणी तयार आहे’ एवढंच म्हणा.

न्हाणीघर आधी उबदार करा. न घसरणारी चटई, पक्की खुर्ची आणि भिंतीला घट्ट बसवलेली दांडी हवीच. साबण, टॉवेल, कपडे हाताशी ठेवा, कारण एकदा बसवल्यावर त्यांना क्षणभरही एकटं सोडता येत नाही. पाणी ३७-३८ अंशांचं असावं. थर्मामीटरने पाहा, त्यांच्या ‘चालेल’वर विसंबू नका.

खांद्यांवर आणि मांडीवर टॉवेल राहू द्या, त्याखालूनच अंग धुवा. उघडं पडण्याची लाज पुष्कळदा शेवटपर्यंत टिकते. सुरुवात पावलांपासून करून हळूहळू वर या. डोक्यावर एकदम पाणी ओतणं ही सर्वांत मोठी चूक. केस शेवटी धुवा, नाहीतर वेगळ्या दिवशी. ‘हात वर करा’ म्हणा आणि दहा सेकंद थांबा. हात वर आला नाही तर तेच शब्द पुन्हा म्हणा. वाक्य बदललं तर त्यांना पहिल्यापासून समजून घ्यावं लागतं. साबणाचं फडकं त्यांच्याच हातात देऊन वरून आपला हात धरा. पुष्कळदा पुढचं ते स्वतः करतात.

घाबरले तर तिथेच थांबा. वीसेक मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा, किंवा काखा, जांघा आणि गुप्तांग ओल्या फडक्याने पुसून घ्या. रोज पूर्ण अंघोळ गरजेची नाही, आठवड्यातून दोन-तीनदा पुरते. पण शांतपणे अंघोळ करणारी व्यक्ती अचानक ओरडू लागली, तर दुखणं किंवा लघवीचा संसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवा.

शेवटी अंग घासू नका, टिपा. त्वचेच्या घड्या कोरड्या करा आणि टाचा, माकडहाड लाल झालंय का ते पाहा.