कोकणातलं जुनं थडगं वाचावं कसं

कोकणातल्या बहुतेक जुन्या थडग्यांवर नाव नसतं. कारण दगडात आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, पण त्याची जाळी तशीच राहते आणि त्या भोकांत अक्षर टिकत नाही. म्हणून चौथरा जांभ्याचा बांधायचा, वर चुन्याचा गिलावा द्यायचा आणि नावापुरती काळ्या दगडाची किंवा संगमरवरी पाटी बसवायची, अशी रीत पडली. पुढे पाटी पडते, फुटते, चोरीला जाते, आणि थडगं अनामिक होतं. थडग्यापाशी पोचल्यावर आधी अक्षरं शोधत बसू नका, आधी पाटीची खोबण शोधा. डोक्याकडच्या बाजूला हातभर रुंदीचा चौकोनी खळगा, कडेला गंजलेल्या खुंट्यांचे तांबूस ओघळ दिसले तर इथे नाव होतं असं लिहून ठेवा. खोबणीची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये घ्या. जवळपास पडलेला तुकडा तिच्यात बसतो का, हे त्या मापावरूनच कळतं.

सरावाला मात्र अनामिक थडगी घेऊ नयेत. ज्यांचं उत्तर आधीच ठाऊक आहे अशा नामवंतांच्या कबरी-समाध्यांवर हात बसवावा, मग आपल्या गावातल्या कब्रस्तानात शिरावं. किनाऱ्यावर अशा जागा भरपूर आहेत आणि प्रत्येक जागा वेगळा धडा देते.

सामान आणि वेळ

पाच मीटरचा टेप, दोन इंची मऊ कुंचला, बांबूची काडी, फवाऱ्याची बाटली, साधारण ३० बाय ४५ सेंटिमीटरचा आरसा, बॅटरी, होकायंत्र, वही आणि पेन्सिल. बॉलपेन घामाने आणि दमटपणाने दगा देतं. पाणी घरून न्या. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मचूळ असतं. ते दगडावर मारलं की पाणी उडून जातं, मीठ आत राहतं, त्याचे स्फटिक वाढतात आणि वरचा पापुद्रा सुटतो. खारा वारा हे काम अडीचशे-तीनशे वर्षं करतोच आहे, त्याला आपली मदत नको.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. पावसाळ्यात शेवाळ आणि कमरेएवढं गवत, एप्रिल-मेमध्ये दगड हात लावू देत नाही. गवत वाळायच्या दिवसांत फुरसं या विषारी सापापासून जपा. जांभ्याच्या कपारी ही त्याची आवडती जागा आणि रंगही तसाच, त्यामुळे दिसत नाही. गमबूट घाला, सुटा दगड उघड्या हाताने उचलू नका. चावलंच तर आवळून बांधणं, चिरा देणं हे काही करायचं नाही. माणसाला हलू न देता सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं. सर्पदंशाची लस जवळात जवळ कुठे आहे, हे निघण्यापूर्वी विचारून ठेवलेलं बरं.

एका थडग्याला २० मिनिटं धरा. साठ थडग्यांचं कब्रस्तान म्हणजे २० तास, म्हणजे चार-चार तासांच्या पाच सकाळी. एका रविवारात उरकू म्हणणारे निम्मी मापं अंदाजाने लिहितात.

आत शिरण्याआधी

दर्ग्याचे मुतवल्ली म्हणजे व्यवस्थापक, चर्चचे फादर, बेने इस्रायली (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) दफनभूमीची किल्ली सांभाळणारं घर, समाधी असेल तर गुरव किंवा ट्रस्ट: जो कोणी असेल त्याला आधी भेटा. पुरातत्त्व खात्याचा फलक असेल तर तो नीट वाचा. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रण असतं, आणि स्मारकाला इजा करणं हा गुन्हा आहे. ड्रोनची परवानगी वेगळी. जागा कोणाची यावर वाद असेल तर सातबाऱ्यावर ‘कब्रस्तान’ किंवा ‘स्मशान’ अशी नोंद आहे का बघा, पण त्या वादात पडू नका.

दिशा आधी, अक्षरं नंतर

होकायंत्र ठेवलं की निम्मं काम होतं. आपल्या किनाऱ्यावरून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कलून. त्यामुळे मुसलमान कबर दक्षिणोत्तर असते: डोकं उत्तरेला, देह उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेला. ख्रिस्ती थडगं बहुधा पूर्व-पश्चिम, डोकं पश्चिमेला. दख्खनी पद्धतीच्या कबरींवर माथ्याला लांबट उंचवटा, म्हणजे कलमदान, असेल तर ती बहुधा पुरुषाची आणि सपाट तख्ती असेल तर बाईची. बहुधा हा शब्द वहीतही लिहायचा.

समाधी म्हणजे थडगंच असं नाही. अलिबागला कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे ती स्मारकवास्तू, खाली दफन नाही. वहीत ‘कबर’, ‘समाधी’, ‘स्मारक’ असे तीन वेगळे रकाने ठेवा, नाहीतर पुढे सगळी यादी खिचडी होते. घुमटीतल्या कबरींतही असाच फसवा प्रकार असतो: वर दिसते ती पुष्कळदा नुसती खूण आणि खरं दफन खाली तळघरात.

अक्षर वाचणं

ऊन तिरपं असताना वाचा. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर, पाटीच्या पृष्ठभागाला दहा-पंधरा अंशांनी प्रकाश घासून गेला की बुजलेली अक्षरंही सावली टाकतात. पाटी सावलीत असेल तर एकाने उन्हात उभं राहून आरशाने कवडसा पाडायचा. हा कवडसा एकदा बाजूने आणि एकदा वरून असा दोनदा घ्या. उभ्या रेघा बाजूच्या उजेडात दिसतात, आडव्या वरच्या. फोटो काढताना मोबाइल पाटीला समांतर, दोन पावलं मागे, चौकटीत टेपची दहा सेंटिमीटर पट्टी. जवळ जाऊन काढलेल्या फोटोत कडा वाकतात आणि मापं चुकतात.

एवढं करूनही दिसलं नाही तर पाण्याचा हलका फवारा मारून दोन मिनिटं थांबा. सपाट भाग आधी वाळतो, खोदलेला भाग ओला, गडद राहतो. शेवाळ निघत असेल तर बांबूच्या काडीने, नाहीतर राहू द्या.

खडू, पीठ, हळद चोळायची नाही. तारेचा ब्रश, ॲसिड, ब्लीच यांचं तर नाव काढू नका. तारेच्या ब्रशाने पाटी एकदाच स्वच्छ होते, कारण दुसऱ्या वेळी वाचायला काही उरत नाही. हौसेने केलेली सिमेंटची डागडुजी याहून वाईट. चुन्याच्या सांध्यांतून ओल बाहेर पडते, सिमेंट ती अडवतं. मग ती ओल शेजारच्या जांभ्यातून वाट काढते आणि सिमेंट जागेवर ठणठणीत राहून भोवतीचा दगड भुगा होऊन गळतो. ऑइलपेंटचंही तेच. पिंपळाचं रोप दिसलं तर उपटू नका. मुळं सांध्यात पाचर होऊन बसलेली असतात, ओढलं की दगड सोबत येतो. जमिनीलगत कापा आणि ज्यांची जागा आहे त्यांना सांगा.

वाचलेला मजकूर ओळीला ओळ उतरवा. न लागलेल्या अक्षराच्या जागी चौकोनी कंसात टिंबं द्या. तिथे कोणतं अक्षर असावं हा तर्क खाली वेगळ्या ओळीत, ‘तर्क’ असं लिहून. ही शिस्त मोडली की आपलाच तर्क वर्षभराने आपल्यालाच पुरावा वाटायला लागतो.

सालं जुळवणं

खऱ्या चुका इथे होतात.

शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण साधारण अर्ध्या पौषापासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९. कान्होजींचा मृत्यू ४ जुलै १७२९चा, म्हणून शक १६५१. लेखात संवत्सराचं नाव असेल तर सोन्याहून पिवळं: शकात १२ मिळवा, ६०ने भागा, बाकी राहते तो संवत्सराचा क्रमांक. १६५१ अधिक १२ म्हणजे १६६३, बाकी ४३, म्हणजे सौम्य. (बाकी शून्य आली तर साठावा, क्षय.) आकडा एक सांगतो आणि संवत्सर दुसरं, असं झालं तर आकडा पुन्हा वाचा. चूक बहुधा आपल्या वाचनात असते.

मुरूडहून पाच-सहा किलोमीटरवर, राजपुरीच्या खाडीकाठी खोकरीला सिद्दींचे तीन घुमट आहेत. सर्वांत मोठा सिद्दी सुरुलखानाचा, दोन लहान ते याकूतखान आणि खैरियतखान या भावांचे. इथे दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, नाव आणि किताब वेगळे असतात. १६८९-९० साली मुंबई बेटाला वेढा घालणारा याकूतखान म्हणजे सिद्दी कासम. याकूतखान हा किताब, आणि तो पुढे दुसऱ्यांनीही लावला. नुसता किताब वाचून माणूस ठरवू नये. दुसरी गोष्ट हिजरी सालाची. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं, त्यामुळे ठरावीक आकडा मिळवून चालत नाही. सालाला ०.९७ने गुणा आणि ६२२ मिळवा. हिजरी १११८ म्हणजे १०८४.४६ अधिक ६२२, साधारण १७०६च्या मध्याच्या आसपास. ते वर्ष एप्रिल १७०६मध्ये सुरू होऊन १७०७मध्ये संपलं. महिना न वाचता एकच इसवी सन ठोकून देऊ नका. शिवाय हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे वार एकाने पुढेमागे होतो.

अरबी-फारसी आकडे वाचताना एक सापळा आहे. त्यांचा पाच आपल्या पूज्यासारखा गोल आणि त्यांचं पूज्य म्हणजे नुसतं टिंब. दगडाला पडलेला खळगा पूज्य म्हणून वाचला जातो आणि साल दहापट होतं किंवा शतक सरकतं. टिंबाची खोली शेजारच्या अक्षरांइतकी आहे का ते तिरप्या उजेडात बघा. छिन्नीच्या खळग्याची कड सरळ असते, झिजेची गोलसर.

अलिबागजवळचं नवगाव हे बेने इस्रायली परंपरेतलं मूळ ठिकाण: जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, बाकीच्यांना इथे पुरलं, असं समाज सांगत आला आहे. आज तिथे स्मारकस्तंभ आहे. या किनाऱ्यावरच्या बेने इस्रायली थडग्यांवर पुष्कळदा मराठी आणि हिब्रू शेजारी असतात, म्हणून शिकाऊ माणसाला याहून चांगली शाळा नाही. हिब्रू साल अक्षरांत असतं आणि हजाराचा पाच सहसा वगळलेला. ताव ४००, रेश २००, आयिन ७०, वाव ६: बेरीज ६७६. त्यात १२४० मिळवा, १९१६. वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात तिश्री महिन्याला बदलतं, म्हणून तिश्री, हेशवान, किस्लेव या महिन्यांत उत्तरातून एक वजा. मराठी ओळीतल्या तारखेशी ताडून बघा, लगेच पडताळा मिळतो.

रेवदंड्यात १७४०पर्यंत पोर्तुगीज होते. त्यांच्या शिळांवर शब्द एकमेकांना चिकटलेले असतात, ‘यू’च्या जागी ‘व्ही’ येतो आणि सेपुल्तुरा म्हणजे थडगं हा शब्द एका-दोन अक्षरांत आटोपलेला असतो. जमिनीत बसवलेली शिळा उलटून बघायचा मोह टाळा.

दापोलीसारख्या जुन्या लष्करी कॅम्पातल्या इंग्रजी पाट्यांवर ‘एन. आय.’ दिसलं तर ते नेटिव्ह इन्फन्ट्री, ‘एच. ई. आय. सी.’ म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. वय वर्षं-महिने-दिवसांत दिलेलं असेल तर मृत्यूच्या तारखेतून वजा करून जन्मतारीख काढता येते. १७५२च्या आधीची इंग्रजी तारीख मात्र जुन्या पंचांगाची. अठराव्या शतकात ती ११ दिवस मागे असते आणि वर्ष २५ मार्चला बदलतं. पोर्तुगीजांनी नवं पंचांग १५८२लाच घेतलं होतं, म्हणून एकाच घटनेच्या दोन तारखा मिळाल्या तर लगेच एकीला खोटं ठरवू नये.

रत्नागिरीला लोक थिबा पॅलेस बघून परततात. थिबाची कबर राजवाड्यात नाही, शहरातच शिवाजीनगर भागात वेगळ्या कुंपणात आहे. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा १८८५ साली पदच्युत झाला, १८८६मध्ये रत्नागिरीत आणला गेला, १९१०च्या सुमारास राजवाडा मिळाला आणि डिसेंबर १९१६मध्ये तो वारला. दफन मात्र १९१९ साली. धाकटी राणी सुपयागले १९१२ला वारली, तीही तिथेच. थोरली राणी सुपयालात १९१९मध्ये परत गेली, तिची कबर रंगूनला आहे. म्हणजे बांधकामाचं साल, दफनाचं साल आणि मृत्यूचं साल हे तीन वेगळे रकाने हवेत. पाटीवर एकच आकडा असेल तर तो कशाचा, हे लिहिलेलं नसेल तर मोकळं सोडा.

नोंद कुठे ठेवावी

प्रत्येक थडग्याला क्रमांक, तोच क्रमांक फोटोच्या नावात. तीन प्रती काढा: एक जागा सांभाळणाऱ्यांकडे, एक गावच्या वाचनालयात, एक स्वतःकडे. नुसती मोबाइलमध्ये ठेवलेली नोंद मोबाइलबरोबरच जाते. सुट्या पडलेल्या पाटीचा फोटो आणि नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका, संगमरवराला गिऱ्हाईक असतं. आधी मुतवल्ली, फादर किंवा ट्रस्टला सांगून ती पाटी आतल्या खोलीत हलवून घ्या, आणि कोणत्या क्रमांकाच्या खोबणीतली ती आहे ते तिच्यासोबत बांधलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा.