भाद्रपद-आश्विनातली परसबाग: फवारण्याआधी पान उलटून बघा

पाऊस ओसरतो, ऊन चटकायला लागते आणि हवेत दमटपणा तसाच असतो. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे या रस शोषणाऱ्या किडींना हे दिवस मानवतात. नव्याने बाग करणारे पान आकसलेले दिसले की लगेच निंबोळी तेलाची बाटली काढतात आणि आठवड्याने म्हणतात, सेंद्रिय औषधाचा गुणच येत नाही. बऱ्याचदा कीड कोणती हेच पाहिलेले नसते.

मिरचीचेच बघा. पाने चुरडली की सगळे त्याला ‘बोकड्या’ म्हणून मोकळे होतात. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे झाले असेल, तर ते फुलकिड्यांचे काम. कडा खाली वळल्या, पान अरुंद झाले आणि देठ लांबला, तर कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड. पाने बारीक, पिवळट, गुच्छासारखी होऊन झाड खुजे राहिले, तर विषाणू. फुलकिडे आणि कोळी निमयुक्त फवारणीने आटोक्यात येतात. विषाणूवर औषध नाही, ते झाड उपटून बागेबाहेर टाका. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तरी तेच करा, कारण पांढरी माशी तो रोग शेजारच्या झाडावर नेते.

दर दोन दिवसांनी सकाळी पाच मिनिटे पानांच्या खालच्या बाजू बघा. चवळीच्या किंवा वालाच्या कोवळ्या शेंड्यावर काळा मावा थापल्यासारखा दिसला, तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. सुटून पडलेला मावा सहसा परत वर चढत नाही. दोन-तीन दिवस लागोपाठ असे धुतले की बरेच काम होते. खोडावर मुंग्यांची रांग असेल, तर आधी तिचा बंदोबस्त करा. माव्याच्या चिकट गोड स्रावासाठी मुंग्या त्याला राखतात आणि त्याला खाणाऱ्या कीटकांना हुसकतात. खोडाला कागदी पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावले की पुरते. ग्रीस थेट सालीला लावू नका.

त्याच माव्यात काळसर, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या पिल्लासारखी दिसणारी सहा पायांची अळी फिरताना दिसेल. चिरडू नका, ती ढालकिड्याची अळी आहे आणि मावाच खाते. नवशिक्यांच्या हातून सगळ्यात जास्त मरते ती हीच. केसासारख्या बारीक दांड्यावर उभे पांढरे ठिपके दिसले, तर ती क्रायसोपा या मावा खाणाऱ्या मित्रकिडीची अंडी, त्यांनाही हात लावू नका.

एवढे करूनही कीड वाढली, तर 5 टक्के निंबोळी अर्क घरीच करा. दहा-बारा कुंड्यांना साधारण एक लिटर पुरतो. सावलीत वाळवलेल्या, यंदाच्याच निंबोळ्यांच्या बियांतला 50 ग्रॅम गर जाडसर कुटून सुती पुरचुंडीत बांधा आणि अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी पुरचुंडी त्याच पाण्यात पिळत राहा. पांढरट पाणी येणे थांबले की पुरे. पंच्याच्या दुहेरी घडीतून गाळून पाणी घालून एक लिटर करा. गाळण्यात घाई केली, की पंपाचे नोझल तुंबते. शेवटी रात्री भिजवलेल्या रिठ्याचे दोन चमचे पाणी मिसळा, म्हणजे अर्क पानावर पसरतो. भांड्यांचा लिक्विड साबण अंदाजाने ओतू नका, जास्त झाला की पानांच्या कडा करपतात. आधी दोन पानांवर फवारून एक दिवस वाट बघा.

अर्क त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा. निंबोळीतला अझाडिरॅक्टिन हा किडीवर काम करणारा घटक उन्हात लवकर निकामी होतो. पानांची खालची बाजू ओली झाली पाहिजे. कीड लगेच मरून पडणार नाही. तिचे खाणे सुटते, कात टाकता येत नाही आणि चार-पाच दिवसांत ती ओसरते. म्हणून सात ते दहा दिवसांनी दुसरी फवारणी हवीच. दुधी-दोडक्याची फुले संध्याकाळीच उमलतात, तिथे फुलांवर नोझल नेऊ नका. पालक, मेथी काढणीला चार दिवस उरले असतील तर फवारूच नका, भाजीला कडवटपणा राहतो.

वांग्याचा शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीवर मात्र या अर्काचा फारसा उपयोग नाही. शेंडा अचानक मान टाकतो, तेव्हा अळी आत शिरलेली असते आणि तिथे फवारा पोचत नाही. सुकलेल्या भागाच्या इंचभर खाली शेंडा कापा, उभा चिरा. आत गुलाबीसर अळी सापडेल, ती मारा. कापलेले शेंडे कुंडीत किंवा कंपोस्टात टाकू नका. भोक पडलेली फळेही तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा.

कारली, दोडकी, काकडी यांची कोवळी फळे पिवळी पडून आत किडे निघतात, ती फळमाशी. तिच्यासाठी गंधाने माशी ओढणारे सापळे मिळतात, पण दुकानदार कधी कधी आंब्यासाठीचा मिथाइल युजेनॉलचा सापळा देतो. त्याला या वेलींवरची माशी येत नाही. क्यू ल्यूर या गंधाचाच सापळा मागा. तोही फक्त नर पकडतो, म्हणून कुंडीतल्या दोन वेलींना सोपा उपाय असा: फळ बोटाएवढे झाले की त्यावर मलमलची पिशवी चढवून तोंड बांधा. किडकी फळे मातीत पडू देऊ नका, अळ्या तिथेच कोष करतात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा.

तंबाखूचा काढा घरच्या बागेत वापरू नका. निकोटीन माणसालाही विषारी आहे आणि तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला मोझॅकचा विषाणू लागू शकतो. दहा झाडांच्या पाल्याचा दशपर्णी अर्क चांगला असतो, पण तो महिनाभर आंबवावा लागतो आणि फ्लॅटच्या गॅलरीत त्याचा वास शेजाऱ्यांना सोसत नाही.