अपडेटनंतर लॅपटॉप मुका झाला तर

विंडोज अपडेट झालं आणि रामबागेतल्या आमच्या मावशीच्या लॅपटॉपचा आवाजच गेला. ती तो घेऊन जेल रोडला दुरुस्तीला निघालीच होती, म्हटलं आधी हे करून बघ.

१. स्टार्टवर राइट क्लिक, मग डिव्हाइस मॅनेजर.
२. ‘साउंड’खालच्या ऑडिओ डिव्हाइसवर डबल क्लिक, ‘ड्रायव्हर’ (तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर) टॅब.
३. ‘रोल बॅक ड्रायव्हर’, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत. कारण विचारतो, कुठलंही निवडा. रीस्टार्ट.

बटण फिकं दिसलं तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. मग ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरूनच घ्यावा. वायफाय, ब्लूटूथ रुसलं तरी हाच उपाय.

विंडोजची अख्खी आवृत्तीच बदलली असेल, तर सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरीत ‘गो बॅक’ असतं, पण साधारण १० दिवसच. तेवढ्यात जागा मोकळी करायच्या नादात ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर उडवू नका, जुनी आवृत्ती त्यातच असते.