विकिपीडियावरचं वाक्य उचलण्याआधी

विकिपीडिया विश्वासार्ह आहे का, असं नवखे विद्यार्थी हमखास विचारतात. याला सरसकट उत्तर नाही. एकाच लेखात एक परिच्छेद अनेकांनी पारखलेला असतो आणि त्याच्या खालचा कोणीतरी काल रात्री घातलेला असतो. म्हणून तुम्हाला जेवढं विधान वापरायचं आहे, तेवढं तपासा.

विधानाच्या शेवटी संदर्भाचा क्रमांक नसेल किंवा 'संदर्भ हवा' असा शेरा असेल, तर ते तूर्त बाजूला ठेवा. क्रमांक असेल तर संदर्भ उघडून वाचाच. बहुतेकांचा आळस इथेच नडतो. संदर्भ खरा असतो, पण त्यात तसं म्हटलेलं नसतं. मूळ लेखक 'काही अभ्यासकांच्या मते' असं जपून लिहितो आणि लेखात त्याचं ठाम सत्य होतं. कधी संदर्भ तसाच राहतो, विधानातला आकडा मात्र कोणीतरी बदललेला असतो. दुवा उघडत नसेल तर त्याचा पत्ता वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर) टाकून पाहा, जुनी प्रत बरेचदा सापडते.

मग त्या लेखाचं 'इतिहास' हे पान उघडा. प्रत्येक बदलाची तारीख आणि वेळ तिथे असते. दोन आवृत्त्या निवडून तुलना केली की कोणता शब्द कधी आला ते कळतं. ही तारीख फार मोलाची आहे. फेब्रुवारी 2009 मध्ये कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग जर्मनीचे अर्थव्यवस्था आणि तंत्रज्ञान खात्याचे मंत्री होणार होते. त्यांच्या लांबलचक नावात कोणीतरी जर्मन विकिपीडियावर 'विल्हेल्म' हे जादा नाव घुसवलं. वृत्तपत्रांनी ते तसंच छापलं आणि मग त्याच बातम्या विकिपीडियावर पुरावा म्हणून दाखवल्या गेल्या! तेव्हा संदर्भाची तारीख विधान लेखात आल्यानंतरची असेल, तर त्या बातमीला ही माहिती कुठून मिळाली याचा माग काढा. तीन बातम्या सारखंच सांगतात, पण तिघींचं मूळ एकच असेल, तर तो एकच पुरावा धरायचा.

'चर्चा' पानावर वाद कुठे आहे ते दिसतं. वादग्रस्त विषयात ते आधी वाचलेलं बरं. लेखावर कुलूप, म्हणजे संपादनावर बंधन असल्याची खूण, दिसलं म्हणून मजकूर बरोबर ठरत नाही. तिथे बहुधा खोडसाळपणा किंवा भांडण झालं असावं, एवढाच त्याचा अर्थ. फारशी वर्दळ नसलेल्या लेखांत मात्र दुप्पट सावध राहा. 2005 मध्ये अमेरिकी पत्रकार जॉन सिगेनथेलर यांच्यावरच्या लेखात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येशी त्यांचा संबंध जोडणारा धादांत खोटा मजकूर सुमारे 4 महिने टिकला, कारण तो लेख फारसं कोणी पाहतच नव्हतं.

मूळ पुस्तक किंवा शोधनिबंध स्वतः वाचला असेल, तर संदर्भसूचीत त्याचंच नाव द्या. न वाचता देऊ नका. विकिपीडियाचाच हवाला द्यायचा असेल, तर 'शाश्वत दुवा' घ्या. त्यातून तुम्ही वाचलेली नेमकी आवृत्ती उघडते. साध्या दुव्यावर तुमच्या परीक्षकांना उद्या वेगळाच मजकूर दिसू शकतो.