डायनासोर कशानं संपले यावरून मुलांना तथ्य आणि मत कसं शिकवावं

"तथ्य म्हणजे खरं, मत म्हणजे मनाचं" असं सांगून धडा सुरू करू नका. मी दोन वर्षं तेच सांगत होते आणि त्यानंच घोळ झाला.

सुरुवात कुंदा आणि करदंट या आपल्या बेळगावकडच्या मिठायांनी करा. "कुंदा दुधापासून करतात" आणि "कुंदा करदंटापेक्षा भारी". पाच मिनिटांत कळतं, पुढं चला.

मग डायनासोरच्या चिठ्ठ्या वाटा, पोरं दोन ढीग करतील. "टी-रेक्स सगळ्यात भारी" लगेच मतात जाते, "मेक्सिकोत सुमारे 180 किलोमीटर रुंदीचा उल्केचा खड्डा आहे" तथ्यात.

अडतं ते "माणसांनी डायनासोर मारून संपवले" या चिठ्ठीवर. ती हमखास मतात टाकतात. एक पोरगी मला म्हणाली, "चुकीचं आहे की बाई, म्हणजे मतच नव्हं काय?" तिचं काय चुकलं, तथ्य म्हणजे खरं असं मीच शिकवलेलं! तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारते, "हे तपासता येतं काय, आणि कशानं?" तपासता येत असेल तर ते मत नव्हे. डायनासोर 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी संपले, माणूस त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी आला, म्हणजे तपासलं आणि चूक निघालं. चुकीची माहिती वेगळी, मत वेगळं, हे पक्कं झाल्याशिवाय पुढं जाऊच नका.

आता "उल्केमुळं डायनासोर संपले". याला शास्त्रज्ञांचं मत म्हणून सोडून देणारे शिक्षक बघितले की मला राग येतो. लुईस आणि वॉल्टर अल्व्हारेझ या शास्त्रज्ञ बापलेकांनी 1980 साली दाखवलं की त्या काळच्या मातीच्या पातळ थरात इरिडियम भरपूर आहे, जमिनीवर तो धातू फार कमी आणि उल्केत जास्त, खड्डा तर नंतर ओळखला गेला. हा पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष, त्याला तिसरा ढीग करा.

त्याच ढिगात दख्खनचे ज्वालामुखी येतात, त्यांचा वाटा किती यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. त्या लाव्हाच्या पठाराची दक्षिण कड आपल्या बेळगावजवळच आहे, म्हणून एक काळा दगड पोरांच्या हातात द्याच. दगड लाव्हाचा, हे तथ्य. त्या लाव्हानं डायनासोर मेले, हा निष्कर्ष, पुरावा मागा.

शेवटी मुलांनी स्वतः तीन-तीन चिठ्ठ्या लिहून शेजारच्याशी बदलायच्या. कुणी अडलं तर उत्तर सांगू नका, "कशानं तपासशील?" एवढं विचारा आणि गप्प बसा.